अध्यक्षाची वेस

खाजणवाडी, ता. मालवण
२८ सप्टेंबर १९५८

चिरंजीव परशुराम यास,

आशीर्वाद. सुगंधा म्हणते, कागदाच्या वरच्या बाजूला देवाचं नाव, मान, मायना असं बरंच घालावं लागतं. मी म्हटलं, तो दोन वर्षं आपल्या पडवीत राहिला, आपल्या विहिरीचं पाणी प्याला, त्याला कसला मायना? मी सांगते तेवढंच लिही.

तुझं तळेऱ्याचं पत्र पोचलं. तिथे ताजे मासे मिळत नाहीत म्हणून हळहळतोस, आणि इथे होतास तेव्हा ताटातल्या बांगड्याकडे विंचू बघावा तसा बघायचास. घाटावरच्या माणसाचं कधी काय होईल ते सांगता येत नाही.

तरुण मंडळाचं विचारलंस. मंडळ आहे. तू रंगवून घेतलेली पाटी आहे, कपाट आहे, कपाटात पुस्तकं आहेत. व्हॉलीबॉलचं जाळं उंदरांनी एका बाजूने खाल्लं, पण चेंडू त्यांना आवडला नसावा. नाही तो फक्त अध्यक्ष. गणपती पोचवले आणि पावसाळ्यानंतरची पहिली आगबोट लागली, तीत गुरुदास बसून मुंबईला गेला. कुठल्याशा कचेरीत चिकटला. साहेबाने विचारलं म्हणे, काय येतं तुला? हा म्हणाला, सभा चालवता येते. घेतला त्याला.

त्याच्याआधी आमचा भाई. माझा नातू म्हणून सांगत नाही, पण शेंबूड पुसायला लाजणारा मुलगा, त्याला तू शिबिराला नेलंस, चार माणसांत उभं केलंस, बोलायला शिकवलंस. वर्षभर अध्यक्ष झाला आणि गेला मुंबईला बापाच्या मागोमाग. तू मुलगे तयार करतोस आणि आगबोट ते भरून नेते. सरकारला कळव की ही योजना विकास खात्याकडून काढून बंदर खात्याला द्यावी. कागद तरी कमी लागतील.

आता उरलेले मुलगे म्हणतात, मतं नकोत. दोनदा मतं घातली, दोन्ही अध्यक्ष गेले. यंदा सातेरीला कौल लावू, देवीच सांगेल. तुझं काय म्हणणं ते लवकर कळव. नाहीतर नको कळवूस, मुलगे ऐकणार नाहीतच.

घरात आता मी आणि सुगंधा. आई नसलेली नात, बाप गोदीत, भाऊ त्याच्याजवळ. दोन ताटं मांडतो, दोन उचलतो. माझे गुडघे तू सोडून गेलास तिथेच आहेत.

हौसाबाई
(हस्ते सुगंधा)

•

तळेरे
१० ऑक्टोबर १९५८

हौसाबाई आजींच्या चरणी परशुरामचा नमस्कार.

पत्र वाचून हसलो. बंदर खात्याची सूचना वर पाठवण्यासारखी आहे, पण वरती हसणारं कोणी नाही.

कौलाबद्दल मला काय वाटतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. समाजशिक्षण संघटकाने तरुणांना मतदान शिकवायचं आणि त्यांनी अध्यक्ष देवीकडून मागायचा, म्हणजे मी दोन वर्षं काय केलं? हा प्रश्न माझा मलाच. इथे माझ्याकडे तीन गावांची मंडळं आहेत. एकाची पाटी आहे, माणसं नाहीत. दुसऱ्यात माणसं आहेत, ती एकमेकांशी बोलत नाहीत. तिसरं मला अजून सापडलेलं नाही. सायकलवरून हिंडतो, परतल्यावर अहवाल लिहितो, आणि अहवालात सगळी मंडळं उत्साहाने काम करीत असतात.

तेव्हा अडवत नाही. कौल लावायचाच असेल तर एक विनंती. नावं घालाल त्यांत सुगंधाचंही घाला. दोन वर्षं मंडळाचं इतिवृत्त तिने लिहिलं, वर्गणी न देणाऱ्याच्या दारात तीच उभी राहिली, आणि भाईची भाषणंही तीच लिहून द्यायची. हे मला इथे लिहिताना अवघड गेलं नाही, तिला वाचून दाखवताना जाईल. तरी, सुगंधा, हे वाक्य गाळू नकोस.

आपला,
परशुराम निकम

•

खाजणवाडी
३० ऑक्टोबर १९५८

परशुरामा,

वाक्य तिने गाळलं होतं. वाचता वाचता मध्येच श्वास घेतला म्हणून मी ओळखलं आणि परत वाचायला लावलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी कौल लावला. नावं तीन. सत्यवान, हरिश्चंद्र आणि ही. मुलीचं नाव घालायला दोघेतिघे कुरकुरले, पण हरिश्चंद्रच म्हणाला, कागदपत्रं कोण लिहिणार मग? तेव्हा सगळ्यांना पटलं. लिहायचा कंटाळा फार मोठी गोष्ट करून जातो.

तू कधी कौल बघितला नाहीस, बाहेर उभा राहायचास. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या महादू गुरवाचे दात जाऊन दहा वर्षं झाली. तो प्रश्न घालतो तो देवीला कळतो, बाकी कोणाला कळत नाही. मी सगळ्यांच्या पुढे होते.

सत्यवानाला डावा. हरिश्चंद्राला डावा. हिचं नाव घेतलं आणि उजवी पाकळी अशी पटकन सुटली की गुरव स्वतःच दचकला. मागचे मुलगे ओरडायला लागले, "आजये, गुरवान काय इचारल्यान?" मी त्यांना सांगितलं. प्रश्न असा होता की, अध्यक्ष होईल तो देवीचा. "देवीन सोडल्याशिवाय वेस वलांडूची नाय." आणि देवीने उजवा दिला. मुलगे खूश झाले. या खेपेला अध्यक्ष पळायचा नाही. पेढे नव्हते म्हणून गूळ-खोबरं वाटलं.

 ही घरी आली, इतिवृत्ताच्या वहीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि तांदूळ निवडायला बसली. 

देवीने सांगितलं, त्याला मी काय करणार?

हौसाबाई

•

तळेरे
२२ नोव्हेंबर १९५८

आजी,

सुगंधाचं मनापासून अभिनंदन. अहवालात मी 'निवड एकमताने' असं लिहिलं आहे. अहवालाच्या छापील नमुन्यात देवीसाठी रकाना नाही, नाहीतर तिचंही नाव घातलं असतं.

वेस न ओलांडण्याची अट मला फार आवडली. गावानं आपल्या माणसाला धरून ठेवायचं ठरवलं, यात मला काहीतरी खरं दिसतं. माझ्या कोणत्याही नियमावलीत हे सुचलं नव्हतं. अध्यक्ष टिकणार हे ऐकून पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

व्हाळावरचा साकव, म्हणजे आमच्या भाषेत ओढ्यावरचा पूल, यंदा तरी पक्का व्हावा. दर पावसाळ्यात तो वाहून जातो आणि पलीकडच्या शाळेत जाणारी मुलं चार महिने घरी बसतात. मंडळ स्थापन झालं त्या दिवसापासून आपण 'साकव' हा विषय चर्चेला घेत आहोत.

परशुराम

•

खाजणवाडी
१५ मार्च १९५९

परशुरामा,

साकव झाला.

पहिलं हे सांगते, कारण बाकीचं ऐकून तुला दुःख होईल. तू शिकवलेली सभेची पद्धत हिने मोडून टाकली. तू सांगायचास, प्रत्येकाने सूचना मांडावी. प्रत्येक जण मांडायचा. एक म्हणायचा चिरे आणावे, दुसरा म्हणायचा इंजिनेरला बोलवावं, तिसरा म्हणायचा मालवणला अर्ज करावा, आणि टाळ्या वाजवून सगळे घरी. हिने पहिल्याच बैठकीत नियम केला, जो सुचवील त्याने ते करायचं. बस्स.

त्या दिवशी मंडळात जी शांतता झाली, तशी आमच्या घरात मयताच्या दिवशीही नव्हती. एवढे बोलके मुलगे, पण कोणाच्या तोंडून शब्द निघेना. मी पडवीतून बघत होते. शेवटी सत्यवान चुकून म्हणाला, आमच्या परड्यात दोन माड वठलेत. झालं, ते तोडून आणायचं त्याच्या गळ्यात. मग त्याला राग आला, तो म्हणाला, एकटा का मी? हरिश्चंद्राच्या मामाची चिरेखाण आहे. झालं. रागाने रागाने सगळी कामं वाटली गेली.

तीन महिने दर रविवारी काम झालं. दोन बाजूंना चिऱ्यांचे खांब, वर माडाचे सोट. ही मुलगी कोणावर ओरडत नाही. जो यायचा राहतो त्याच्या घरी जाते, त्याच्या आईशी बोलत बसते, भाजी निवडू लागते. त्याचं नावसुद्धा काढत नाही. तो मुलगा मागच्या दाराने निघून कामावर जातो. हे तिला कोणी शिकवलं मला माहीत नाही. तुझ्या शिबिरातलं नव्हे, तुझ्या शिबिरात भाजी नसते.

पण दमते. संध्याकाळी भाकरी थापताना डोळे मिटतात तिचे. एकदा तव्यावर हात टेकला. मी म्हटलं, अध्यक्षीणबाई, जरा बसा. ती म्हणाली, बसले तर उठवत नाही. अठरा वर्षांची मुलगी असं बोलायला लागली म्हणजे मी काय बोलायचं?

परवा शाळेतली मुलं साकवावरून नाचत गेली. ही खाली पाण्यात उभी राहून सोट हलतात का ते बघत होती.

हौसाबाई

•

तळेरे
१२ जून १९५९

आजी,

मे महिन्यात आमचे साहेब मालवणकडे आले होते ते साकव बघून गेले. त्यांना मी तीन वर्षांत हसताना बघितलं नव्हतं. ते साकवावर उभे राहून हसले आणि म्हणाले, ही मुलगी कोण? तिला प्रशिक्षणाला पाठवा.

ग्रामसेविकेचं प्रशिक्षण आहे, घाटावर, वर्षभराचं. राहणं, जेवण तिथेच. पुढे सरकारी नेमणूक. सातवीची फायनल पास हवी, ती आहे. वय अठरा हवं, तेही आहे. जानेवारीपासून सुरू होईल. फॉर्म सोबत जोडला आहे. तीस सप्टेंबरपर्यंत माझ्याकडे पोचला पाहिजे. खाली पालकाची संमती लागते, सही किंवा अंगठा.

आजी, ही संधी मी तिच्यासाठी मागितली नाही. ती तिने मिळवली आहे. आजवर मी जी मुलं तयार केली, ती तयार झाल्यावर गावाला उपयोगी पडली नाहीत. ही पहिली, जी दुसऱ्या गावांना उपयोगी पडेल. मला एवढं एक तरी झालेलं बघू द्या. इतर मंडळांबद्दल लिहीत नाही. तिसरं सापडलं. ते एका माणसाचं होतं, तो बेळगावला असतो.

परशुराम

•

खाजणवाडी
५ जुलै १९५९

परशुरामा,

पत्र मिळालं, फॉर्म मिळाला.

तू शहाणा माणूस, इतक्या लवकर विसरलास? कौल आहे. ती देवीची आहे. देवीने सोडल्याशिवाय ती वेशीच्या पलीकडे जायची नाही, आणि घाट तर वेशीच्या फारच पलीकडे. तूच लिहिलं होतंस की अट तुला फार आवडली. पत्र जपून ठेवलंय, मला वाचता येत नसलं तरी कुठलं ते बरोबर काढून देते.

तिच्या बापाला मुंबईला विचारलं. त्याने लिहिलं, आई म्हणेल तसं. तो लहानपणीही असाच होता.

मंडळाच्या मुलग्यांना कळलं. ते म्हणतात, गेली तर देवी कोपेल. साकव वाहून जाईल म्हणतात. सत्यवान म्हणाला, माझे दोन माड गेलेत त्यात. एवढी काळजी त्यांना मंडळाची आधी कधी वाटली नव्हती.

ही काय म्हणते, असं विचारशील.  फॉर्म तिने तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली ठेवला आहे. रोज भात टाकताना काढते, बघते, परत ठेवते. तिला वाटतं, मला अक्षर कळत नाही म्हणजे कागद कळत नाही. हे सुद्धा तिच्याच हातून लिहून घेते आहे. कान बघ कसे लाल झालेत.

आता लिहीत नाही म्हणाली. मी म्हटलं, तू अध्यक्ष मंडळाची. या पडवीत मी सांगते ते लिहायचं.

पाऊस चालू आहे. गुडघे फार दुखतात. तेल चोळायला दुसरं माणूस नाही, एवढंच त्याला कळव. म्हणजे तुला.

हौसाबाई

•

तळेरे
२० ऑगस्ट १९५९

हौसाबाई आजींस नमस्कार.

हे पत्र सुगंधाच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. दुसरा मार्ग नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुमचे महादू गुरव इथे आले होते. त्यांची लेक तळेऱ्यात दिली आहे. चहाला थांबवून घेतलं आणि कौलाचं विचारलं. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, मी आपला विचारलं, ही चालेल काय? एवढंच विचारल्याचं आठवतं. वेशीचं मला आठवत नाही. पण गाव म्हणतो विचारलंस, म्हणजे विचारलं असणार. आताशा डोकं चालत नाही, म्हणून पूजा मुलाकडे दिली. 

आजी, तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात. प्रश्न नेमका काय घातला होता?

मी तुमच्यावर काही ढकलत नाही. मला तो अधिकारही नाही. अट आवडल्याचं मीच लिहिलं होतं. मला टिकणारा अध्यक्ष हवा होता, तेव्हा मीही तो कोणत्या दोरीने बांधलाय हे विचारलं नाही. आणि आणखी एक, जे मी तीन पत्रं लिहायचं टाळलं. मी घाटावर बदलीसाठी अर्ज केला आहे. सावित्री, माझी बायको, पाच वर्षं सासरी एकटी आहे. तरुणांनी आपलं गाव सोडू नये, हे मी आजही सभेत सांगतो. 

तीस सप्टेंबर जवळ आलं.

परशुराम

•

खाजणवाडी
९ सप्टेंबर १९५९

परशुरामा,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. हिने ते वाचून दाखवलं, सगळं, कुठेही श्वास न घेता. घडी घालून माझ्या हातात दिलं. एक शब्द विचारला नाही. बारा दिवस तेल चोळलं, पेज वाढली, पाणी तापवलं, आणि एक शब्द विचारला नाही. आज मीच म्हटलं, दौत काढ.

लिही. थांबू नको. तुझ्या तोंडाकडे बघून मला हे सांगता यायचं नाही. तू कागदाकडे बघ, मी भिंतीकडे बघते.

गुरवाने विचारलं, ही चालेल काय? देवी म्हणाली, चालेल. एवढंच झालं. वेशीचं मी घातलं. मागून मुलग्यांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं. निघून गेलं असंही नाही. आदल्या दिवसापासून तोंडात धरून ठेवलं होतं.

गुरुदासाची आगबोट सुटली तेव्हा आम्ही दोघी धक्क्यावर होतो. ही म्हणाली, "आजये, चेडवांक पण थंय काम गावता?" मुलींनाही तिथे काम मिळतं का, असं सहज विचारलं. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. म्हातारीचं ऐकू न येणं कोणी मनावर घेत नाही. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुसरं काही नाही. ही गेली की दोन ताटांचं एक होतं. एकीसाठी कोणी चूल पेटवत नाही. सकाळची पेज संध्याकाळी प्यायची आणि पडायचं. मला त्याचं भय वाटलं. देवीचं वाटलं नाही, हे आता आठवून भय वाटतं.

मग तिने साकव बांधला, आणि मला वाटलं, बघ, राहिली म्हणून गावाचं भलंच झालं. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला लगेच पुरावा सापडतो.

आणि तो महादू. त्याचं मी मनातसुद्धा आणलं नव्हतं. वर्षभर तो समजतो आपलं डोकं गेलं.

इथवर लिहून ही उठली. विहिरीवर गेली. दोन हंडे भरले, मग कळशी, मग भरलेलं पिंपही वरून भरलं. मी भिंतीकडेच बघत होते. परत आली, हात पुसले, बसली, आणि म्हणाली, "फुडे काय लिवू?"

मी म्हटलं, लिही की महादूला बोलावून सगळ्यांसमोर खरं सांगायला लावू, म्हणजे लोक ऐकतील. हिने लिहिलं नाही. म्हणाली, "तुयां सुचवलंस, तूच सांग. आदी गुरवाक, मगे गावाक." माझ्याच पडवीत तिचा तो नियम माझ्यावर. मी हसले. ती हसली नाही. रागात आहे, आणि असावी. मी तिच्या जागी असते तर दौत फेकली असती.

सोमवारी देवळात जाईन. एवढी माणसं जमली की मला बोलायची हौस असते, पण त्या दिवशी नसेल.

फॉर्म तांदळाखालून काढून घेतला. तिने सही केली. मी अंगठा लावला, तो जरा पुसट उठला म्हणून शेजारी दुसरा लावला. सरकारला दोन चालतात का ते बघ. सोबत पाठवते.

तुझ्या बदलीबद्दल रागावले नाही. बायको पाच वर्षं एकटी, आणि तू इथे माझ्या नातीला नेतृत्व शिकवत होतास. जा बाबा, घरी जा.

हौसाबाई

(आजी झोपल्यावर मी हे लिहिते. अंगठा लावताना त्यांचा हात मी धरला नव्हता. त्यांनी स्वतः लावला. दोन्ही वेळा. – सुगंधा)

•

खाजणवाडी
२४ जानेवारी १९६०

चि. परशुराम निकम यांस, मु. पो. सातारा,

अक्षर बदललेलं दिसेल. शाळेतले मास्तर लिहीत आहेत. ते शुक्रवारी येतात, आणि मी बोलते त्याचं शुद्ध करून लिहितात. मी भांडते, म्हणून त्यातलं थोडं माझं राहतं.

सुगंधा पाच तारखेला गेली. एस. टी.ने. आगबोटीत कोणाला बसवून द्यायची सवय होती, गाडीला निरोप कसा द्यायचा ते कळलं नाही. गाडी वळली तरी मी उभीच होते, कंडक्टरने उगीच हात हलवला.

देवळात सांगितलं ते तिने तुला कळवलं असेलच. महादूने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा हसला. म्हणाला, म्हणजे मी शाबूत आहे. दुसऱ्या दिवशी पूजा मुलाकडून परत घेतली, तेव्हापासून त्याचा मुलगा माझ्याशी बोलत नाही. बाकीही बरेच बोलत नाहीत. कौलाच्या दिवशी मला आता मागे, खांबापाशी बसवतात. तिथून काही ऐकू येत नाही, आणि म्हणूनच बसवतात. बरोबर आहे.

मुलगे चिडले होते. सत्यवान म्हणाला, आजी, आमची अध्यक्ष तू घालवलीस. मी म्हटलं, आधी धरून ठेवली होती तीही मीच. 

तुला हसू येईल असं एक आहे. या महिन्यात नवा अध्यक्ष निवडायचा. मी समजत होते, आता कोणी पुढे यायचा नाही. आठ जण आले. आठ. तीन मुली आहेत त्यांत. सगळ्यांनी मनात हिशेब केला की भाई अध्यक्ष झाला तो मुंबईला गेला, गुरुदास गेला, सुगंधा तर सरकारी झाली. अध्यक्ष व्हायचं म्हणजे बाहेर पडायचं. आता चिठ्ठ्या टाकून मतदान घेणार आहेत, तू सांगायचास तसं, पेटीबिटी करून. तुझं काम झालं म्हण. त्यातला कोण राहील, ते त्यांना विचारायला मी जाणार नाही. माझं विचारून झालं.

ताट एक आहे. चूल पेटवते. तिने जाताना बजावलंय, आणि शेजारची मथुरा वर्दी देते म्हणून पेटवावी लागते. गुडघ्यांना मीच तेल लावते. डाव्याला हात पोचतो, उजव्याला पोचत नाही.

मास्तर पत्रं वाचतात ती सगळी एकाच सुरात, शाळेतल्या धड्यासारखी. तुझं कुठलं आणि तिचं कुठलं ऐकून कळत नाही. पण वाचायच्या आधी मी पाकीट हातात घेते. इतके दिवस ती शेजारी बसून लिहायची, तिचं अक्षर कसं खाली वाकून चालतं ते मी बघितलं आहे. वाचता येत नाही, पण ओळखू येतं.

परवा पोस्टमनने पाकीट दिलं, ते तुझं होतं. राग मानू नकोस, परशुरामा. बरं वाटलं. पण तिचं नव्हतं.

हौसाबाई